पीएचडीत तीनच पेपर, एच-इंडेक्स दोन: केमिस्टचा इम्पॅक्ट मोजायचा तरी कसा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ऑरगॅनिक सिंथेसिसमध्ये (कार्बनी रेणू बनवण्याच्या शास्त्रात) पीएचडी संपत आलीय, तीन पेपर झालेत, गूगल स्कॉलर एच-इंडेक्स दोन दाखवतंय. त्याच बॅचची मैत्रीण नॅनोमटेरियलमध्ये आहे, तिचे चौदा पेपर आणि एच-इंडेक्स नऊ. गाइड म्हणतात दोन-तीन रिव्ह्यू (आधी झालेल्या कामाचा आढावा घेणारे लेख) लिहून टाक, सायटेशन (इतरांच्या पेपरांत तुमच्या पेपरचा संदर्भ) आपोआप वाढतील. आणि तुम्हाला विचारायचंय की टॉपिक बदलू का, कॉलेजात नोकरी लागेल का, सीव्हीत काय लिहू, आणि मुळात एखाद्या केमिस्टचं काम किती वजनाचं हे ठरवायचं कशावरून. मी सिंथेसिसवालाच, सुरुवातीची काही वर्षं कंपनीच्या आर अँड डीत आणि मग कायमचा रिसर्च लॅबमध्ये, आता रिटायर आहे पण थीसिस तपासायला आणि सिलेक्शन कमिटीवर अजून बोलावणं येतं, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघितल्यात.

मला वाटतं तुम्ही तीन वेगळे प्रश्न एकाच आकड्याला विचारताय. नोकरीच्या फॉर्मवर काय मोजतात हा एक, फील्डमधली माणसं तुमच्या कामाला काय मानतात हा दुसरा, आणि तुमच्या कामामुळे दुसऱ्या कुणाला काही करता येतंय का हा तिसरा. एच-इंडेक्स पहिल्याचं उत्तर जवळजवळ देतच नाही, दुसऱ्याचं अर्धवट देतो, आणि तिसऱ्याचं तर त्याला विचारूच नका.

आधी गणित उरकून घेऊ. एच-इंडेक्स ही कल्पना जॉर्ज हिर्श या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये मांडली. तुमच्या निदान एच पेपरांना प्रत्येकी निदान एच सायटेशन असतील तर तुमचा इंडेक्स एच. म्हणजे तीन पेपर असलेल्या माणसाचा इंडेक्स तीनच्या वर जाऊच शकत नाही, मग त्या तिघांपैकी एकाने जग का हलवलं असेना. तुमचा दोन आहे तो तीनपैकी दोन आहे! आणि तो कधी खाली येत नाही, वयाबरोबर नुसता चढतो, त्यामुळे पीएचडीच्या टप्प्यावर तो तुमच्या कामापेक्षा तुमच्या गाइडच्या ग्रुपचा वेग जास्त सांगतो. त्यात परत फील्डचा फरक. नॅनोमटेरियलमध्ये जगभर प्रचंड ग्रुप, प्रत्येक पेपरला भरपूर रेफरन्स, सहा महिन्यांत पुढचा पेपर. तुमच्याकडे एका सबस्ट्रेट टेबलसाठी (कुठल्या सुरुवातीच्या रेणूंवर रिअॅक्शन चालली त्याच्या तक्त्यासाठी) पदार्थ शुद्ध करायचे कॉलम घालता घालता पावसाळा जातो. दोघींची तुलना म्हणजे टी-ट्वेंटीचा स्ट्राइक रेट धरून कसोटीवाल्याला नावं ठेवणं. फील्डफील्डमध्ये आकडे वेगळे पडतात हे खुद्द हिर्शने त्या पहिल्या पेपरातच लिहून ठेवलंय, पण तेवढं पान कोणी वाचत नाही. मैत्रिणीचं काम हलकं असं मी अजिबात म्हणत नाहीये, फक्त या दोन आकड्यांची वजाबाकी करून काही हाती लागत नाही.

आता नोकरी. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, पण एक गोष्ट बहुतेक मुलांना माहीतच नसते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत असिस्टंट प्रोफेसरच्या शॉर्टलिस्टिंगचा तक्ता आहे, त्यात शोधनिबंधाला प्रत्येकी २ गुण, आणि कॉलेजसाठी कमाल ६, विद्यापीठाच्या विभागासाठी कमाल १०. म्हणजे कॉलेजच्या तक्त्यात तुमच्या तीन पेपरांनी तो रकाना भरला, मैत्रिणीच्या चौदानेही तेवढाच भरला. एच-इंडेक्सचा तर त्यात रकानाच नाही. उलट कॉलेजच्या तक्त्यात एकट्या नेटचे गुण सगळ्या पेपरांच्या कमाल गुणांपेक्षा जास्त आहेत, त्यामुळे नेट-सेट झालं नसेल तर रिव्ह्यू लिहिण्याआधी तिकडे बघा. महाराष्ट्रात भरतीचे निकष शासन निर्णयाने अधूनमधून बदलत असतात, तेव्हा माझ्यावर न जाता जाहिरात निघेल त्या दिवशीचा नियम नीट वाचा. पुढे प्रमोशनच्या वेळी मात्र जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन पडतात तो आकडा) आणि तुम्ही पहिल्या किंवा कॉरस्पॉन्डिंग ऑथर आहात का याला गुण आहेत, तिथे हिशोब वेगळा. आणि आयसर, आयआयटी, सीएसआयआरच्या लॅब असल्या केंद्र सरकारी संशोधन संस्थांत जायचं असेल तर तिसराच, तिथे पोस्टडॉक कुठे केली, रेफरन्स कोण देतंय आणि पुढच्या पाच वर्षांचा रिसर्च प्लॅन काय, यावर बोलणं चालतं.

या गुणांच्या राजकारणातून आपल्याकडे जे झालं ते तुम्ही बघितलंच असेल. २०१० च्या नियमांत एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकाचे पेपर वगैरे मोजून द्यायचे, गुण आले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं पीक आलं. मग ते आवरायला २०१८ मध्ये केअर यादीची (मान्य जर्नलांच्या यादीची) घोषणा, तिचं काम आपल्या पुणे विद्यापीठातून चालायचं, आणि २०२५ मध्ये ती यादीही यूजीसीने बंद केली, आता जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर. तर पेपर कुठेतरी टाकून संख्या वाढवू हा विचार मनात आला असेल तर सोडून द्या, व्हायव्हाला बाहेरून आलेला परीक्षक जर्नलचं नाव बघूनच भुवया वर करतो.

आता मुद्द्याचं. सायटेशन मोजतात, पण सायटेशन कुठे पडलंय ते कोणी बघत नाही. मी थीसिस तपासताना किंवा कुणाचा सीव्ही समोर आला की एक काम करतो, त्यांच्या सगळ्यात जास्त साइट झालेल्या पेपरला ज्यांनी साइट केलंय त्यातले चार-पाच पेपर उघडतो आणि बघतो की नाव कुठे आलंय. इंट्रोडक्शनच्या पहिल्याच वाक्यात, एका कंसात पंधरा-वीस रेफरन्सच्या गर्दीत आलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की की-वर्ड जुळला. पण एक्सपेरिमेंटल सेक्शनमध्ये, सपोर्टिंग इन्फर्मेशनमध्ये ‘हे संयुग अमुक यांच्या पद्धतीने बनवलं’ असं आलं असेल तर कुणीतरी तुमची पद्धत उचलून आपल्या लॅबच्या हूडमध्ये लावली आणि ती चालली. माझ्या मते केमिस्टचा इम्पॅक्ट म्हणतात तो हा, आणि असली चार सायटेशन गर्दीतल्या चाळीसांना भारी. तुमच्या तिन्ही पेपरांचं आजच असं करून बघा, तासाभराचं काम आहे.

उदाहरणं द्यायची तर आकड्यांच्या शिखरावर कोण बसलंय बघा. जगात सर्वात जास्त साइट झालेला पेपर म्हणजे ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, द्रावणातलं प्रोटीन मोजायची पद्धत, तीन लाखांच्या वर सायटेशन. कुठला मोठा सिद्धांत नाही, निळा रंग येतो तो मोजायचा. लाउरींना स्वतःलाही तो आपला थोर पेपर वाटत नव्हता. दुसरं, जॉर्ज शेल्ड्रिक, जर्मनीत गॉटिंगेनला, क्रिस्टल स्ट्रक्चर सोडवायचं शेलएक्स सॉफ्टवेअर त्यांचं. २००८ मध्ये त्यांनी त्या सॉफ्टवेअरचा इतिहास सांगणारा एक लेख लिहिला आणि वापरणाऱ्यांनी हा साइट करा म्हणून सुचवलं, झालं, ज्या जर्नलमध्ये तो आला त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपास होता तो पुढच्या वर्षी जवळजवळ पन्नासवर गेला. एका लेखामुळे! बाकीचे लेख जसे होते तसेच होते. म्हणून कुणी जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करायला लागला की मला हा किस्सा आठवतो. इम्पॅक्ट फॅक्टर काढणारा यूजीन गारफील्ड मूळचा केमिस्ट्रीचाच पदवीधर, त्याची पीएचडीसुद्धा रासायनिक नावांवरून मशीनने रेणुसूत्र काढायच्या विषयात. बाईंडिंग केलेल्या जर्नलांच्या जमान्यात लायब्ररीने कुठली जर्नलं ठेवायची याला उपयोगी पडेल असा तो आकडा, माणसांवर वापरताना जपून असं तोही सांगत राहिला.

आणि तो आकडा मागच्या दोनच वर्षांचे लेख धरतो, आमच्या धंद्यात दोन वर्षांत काय होतं हो? विल्यम हमर्स आणि रिचर्ड ऑफमन यांनी १९५८ मध्ये ग्राफाइटपासून ग्राफाइट ऑक्साइड करायची सोपी पद्धत छापली, इवलासा पेपर. कित्येक दशकं तो जवळजवळ झोपलेलाच. २००४ नंतर ग्राफीनचं (ग्राफाइटच्या एका अणूइतक्या पातळ थराचं) वेड आलं आणि आज मटेरियलवाल्या पोरांना हमर्स मेथड तोंडपाठ, तुमच्या मैत्रिणीलाही नक्की असणार, विचारून बघा.

पण तुमच्यासाठी जास्त जवळचं उदाहरण बेलिस-हिलमन रिअॅक्शनचं, त्यावर जरा थांबतो, कारण करिअर कसं घडतं ते त्यात दिसतं. अॅक्रिलेट, अल्डिहाइड आणि डॅबको (एक साधा अमाइन कॅटॅलिस्ट), रूम टेंपरेचरला ठेवून द्यायचं, कार्बन-कार्बन बाँड तयार, आणि हातात येणाऱ्या एका छोट्या रेणूत डबल बाँड, हायड्रॉक्सी आणि एस्टर असे तीन फंक्शनल ग्रुप, प्रत्येकावर पुढे खेळता येतं. जपानमध्ये मोरिताने फॉस्फीन वापरून १९६८ मध्ये असंच काही दाखवलं होतं. बेलिस आणि हिलमन हे कंपनीतले लोक, त्यांनी ते १९७२ च्या जर्मन पेटंटमध्ये टाकलं. पेपर नाही, पेटंट. आजच्या हिशोबाने त्या शोधाला सायटेशन शून्यच धरा. लोकांनी बरीच वर्षं दुर्लक्ष केलं, एक कारण असं की रिअॅक्शन भयंकर मंद, काही सबस्ट्रेटला दिवसच्या दिवस लागतात. हैदराबाद विद्यापीठात डी. बसवय्या यांनी ऐंशीच्या दशकात ती हातात घेतली. ते आधी अमेरिकेत पर्ड्यूला एच. सी. ब्राउन यांच्याकडे बोरॉनवर काम करून आलेले, ब्राउन म्हणजे १९७९ चे नोबेल, सुझुकी आणि नेगिशीही त्याच लॅबमधून गेलेले. बसवय्यांना बोरॉनच पुढे ओढत बसता आलं असतं. पण त्यांनी ही आळशी रिअॅक्शन धरली आणि सोडली नाही, वेगवेगळे इलेक्ट्रोफाइल, पुढची रूपांतरं, त्यातून रिंग कशा बनवायच्या, वर्षानुवर्षं तेच. मग १९९६ मध्ये आणि २००३ मध्ये मोठे रिव्ह्यू आले, आणि या रिअॅक्शनवर काम सुरू करणारा कुठल्याही देशातला विद्यार्थी ते उघडूनच सुरुवात करायला लागला.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे रिअॅक्शनला ग्लोव्ह बॉक्स लागत नाही, महागडा मेटल लागत नाही, आपल्या विद्यापीठांत जे असतं त्यात होते, प्रश्न निवडतानाच ते जमून गेलं. दुसरी, रिव्ह्यू नंतर आले. त्या क्षेत्रात वर्षानुवर्षं स्वतः काम केल्यावर. तुमच्या गाइडच्या सल्ल्याला माझं उत्तर हेच. रिव्ह्यूला सायटेशन जास्त मिळतात हे खरं, गाइड चुकीचं सांगत नाहीयेत, पण ज्या विषयात आपला एक पेपर नाही त्यावर चारशे अॅब्स्ट्रॅक्ट जोडून केलेला रिव्ह्यू इंटरव्ह्यूत उलटतो. कमिटीवरचा माणूस विचारतो, यातली कुठली पद्धत तुम्ही स्वतः करून बघितलीत, कुठली चालली नाही, का नाही चालली, आणि समोरचा गप्प. तुमच्या थीसिसचं पहिलं प्रकरण मेहनतीने लिहिलं असेल तर त्याचाच एक छोटा, मत असलेला रिव्ह्यू करा, एकच. बाकी वेळ चौथ्या पेपरच्या एक्सपेरिमेंटलवर घाला.

एक्सपेरिमेंटलचं एवढं का म्हणतोय, तर कुणी तुमची पद्धत वापरणार की नाही हे तिथेच ठरतं, आणि आपल्याकडे ते शेवटच्या रात्री कॉपी-पेस्ट होतं. कुठल्या क्रमाने घातलं, किती वेळात घातलं, गरम झालं का, रंग कधी बदलला, सॉल्व्हंट सुकवलेला की बाटलीतला, टीएलसीत (रिअॅक्शन कुठवर आली ते बघायच्या प्लेटवर) काय दिसलं, एक ग्रॅमवर करून बघितलं का, कुठले सबस्ट्रेट चाललेच नाहीत, सगळं लिहा. न चाललेले तर आवर्जून लिहा, पुढच्याचे पंधरा दिवस वाचतात आणि तो तुमचं नाव विसरत नाही. केमिकलचा ग्रेड आणि कंपनी हे तर लिहायलाच हवं. २००३ मध्ये इंग्लंडमधून लेडबीटर यांच्या ग्रुपने पॅलेडियमशिवाय सुझुकी रिअॅक्शन (कार्बन-कार्बन बाँड जोडणारी, एरवी पॅलेडियम लागतंच अशी) होते असं छापलं होतं, खळबळ उडाली, मग त्याच ग्रुपने परत खोदून बघितलं आणि २००५ मध्ये स्वतःच सांगितलं की बेस म्हणून वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्येच पॅलेडियम होतं, अब्जात पन्नास भाग वगैरे, आणि तेवढं पुरत होतं. मला तो दुसरा पेपर पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. आणि ऑरगॅनिक सिंथेसेस माहीत असेलच, १९२१ पासून चालू आहे, तिथे संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी लॅबमध्ये प्रोसिजर परत करून बघितल्याशिवाय छापत नाहीत. त्याच्या इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल मी कधी कुणाला बोलताना ऐकलं नाही, पण लॅबमध्ये रिअॅक्शन अडली की सगळे आधी तिथेच बघतात.

आता एक बाजू राहिली, ती म्हणजे इंडस्ट्री, कारण सिंथेसिसच्या मुलांना तो रस्ता उघडा असतो आणि तिथे इम्पॅक्ट छापलाच जात नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांना फक्त प्रोसेस पेटंट ठेवलं, म्हणजे तोच रेणू वेगळ्या रस्त्याने बनवला तर चालायचं, आणि तिथून आपल्या प्रोसेस केमिस्टचे दिवस आले. ए. व्ही. रामा राव, पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेत घडलेले आणि नंतर हैदराबादच्या आयआयसीटी या केमिस्ट्रीच्या संस्थेचे डायरेक्टर, त्यांच्याकडे एझेडटी या एड्सच्या औषधाचा स्वस्त रूट तयार झाला, सिप्लाने १९९३ मध्ये ते औषध बाजारात आणलं. पुढे २००१ मध्ये सिप्लाने एड्सच्या तीन औषधांचा कोर्स दिवसाला एक डॉलरच्या आत द्यायची तयारी दाखवली, तोवर पाश्चात्य कंपन्यांकडे त्याला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पडायचे. यातलं किती सायटेशनमध्ये दिसतं? एनसीएलमध्येच पॉल रत्नस्वामी यांच्या ग्रुपचा झिओलाइट कॅटॅलिस्ट, एन्सिलाइट, झायलीनच्या प्लांटमध्ये लागला, तीही तशीच गोष्ट. तारापूर, महाड, कुरकुंभला रिअॅक्टरपुढे उभे राहून यील्ड दोन टक्के वाढवणारे, एक सॉल्व्हंट कमी करणारे किती केमिस्ट आहेत त्यांचं गूगल स्कॉलरवर पान पण नाही. तिकडे जायचं असेल तर सीव्हीत एच-इंडेक्स लिहूच नका, किती ग्रॅमपर्यंत स्केल केलं, कॉलमशिवाय क्रिस्टलायझेशनने काढलं का, ते लिहा.

मग टॉपिक बदलायचा का? पीएचडीच्या शेवटी नाही, बिलकुल नाही. पोस्टडॉकला बदला, पण शेजारच्या घरात जा, दुसऱ्या गावात नको: फोटोकेमिस्ट्री, फ्लो, एन्झाइम कॅटॅलिसिस, प्रोसेस, काहीही जिथे तुमचा सिंथेसिसचा हात कामाला येतो. पण घरच्या जबाबदाऱ्या असतील, बाहेर जाणं शक्य नसेल, तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) सुरुवात करावी लागणार असेल तर सल्ला वेगळा. तिथे ना एनएमआर (रेणूची रचना ओळखायचं मशीन) ना वेळ. मग असा प्रश्न निवडा जो हॉटप्लेट, टीएलसी आणि एमएससीच्या दोन प्रोजेक्टवाल्या मुलांवर चालेल, स्पेक्ट्रा पैसे भरून आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या उपकरण केंद्रांत काढून मिळतात, वर्षाला एक पेपर पण तो स्वच्छ. असं काम करणारी माणसं मी बघितलीत, त्यांच्या कंपाउंडचे मेल्टिंग पॉइंट दुसऱ्याच्या हातात जुळतात, आणि ही ख्याती फील्डमध्ये फार लवकर पसरते, उलटी तर त्याहून लवकर.

ते ‘स्टॅनफर्डच्या यादीत जगातले टॉप दोन टक्के शास्त्रज्ञ’ असले बॅनर बघून पण घाबरू नका हं, हल्ली प्रत्येक कॉलेजच्या गेटवर लागतात. ती यादी स्कोपस या सायटेशनच्या डेटाबेसवर फील्डनुसार लावलेली असते, एकट्याने किंवा पहिल्या-शेवटच्या नावाने केलेल्या कामाचा वेगळा हिशोब त्यात असतो, म्हणजे नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा बरी, पण एकाच वर्षाची यादी आणि अख्ख्या करिअरची यादी अशा दोन असतात आणि बॅनरवर कुठली ते कधीच लिहिलेलं नसतं. आणि कुठला रिव्ह्यूअर ‘हे पाच पेपर साइट करा’ म्हणाला आणि पाचही एकाच माणसाचे निघाले, तर जो संबंधित असेल तो घाला आणि बाकीचे का घातले नाहीत ते एडिटरला सभ्य शब्दांत लिहा, रागावू नका.

सीव्हीत काय लिहू असंही विचारलंत. ओआरसीआयडी (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) काढा, नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने ठेवा (लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल तर याचा आत्ताच विचार करा, गूगल स्कॉलर दोन बायका समजतो), प्रत्येक पेपरखाली एकच ओळ, की यातलं मी काय केलं. एच-इंडेक्स फॉर्मने मागितला तर द्या, कुठल्या डेटाबेसवरचा ते लिहा, कारण गूगल स्कॉलर थीसिस आणि प्रीप्रिंटपण धरतं आणि स्कोपसचा आकडा जवळजवळ नेहमी कमी येतो.

तुमच्या तीन पेपरांत नेमक्या कुठल्या रिअॅक्शन आहेत ते प्रश्नात आलं नाही. कॅटॅलिस्ट आणि सबस्ट्रेटचा प्रकार इथे लिहिलात तर पोस्टडॉकसाठी शेजारचं घर कुठलं ते जास्त नेमकं सांगता येईल. नॅपकिनवर काढल्यासारखी स्कीम असली तरी चालेल, फोटो टाका.